नळ आला!

नाहूर, ८ जुलै

॥ श्री ॥

ती. ताईस,

सा. न. वि. वि. लिहायला आज हात धजत नाही, पण बाबांनी लावलेली सवय आहे, तेव्हा लिहिलं असं समज.

तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस. फोनवर केलंस. तुझ्या ऋतिकाच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. भांडायला लिहीत नाहीये. गणपतीबद्दल मला जे म्हणायचं होतं ते मी गेल्या वर्षी घरच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत म्हटलं, आणि त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. बाबांचा गणपती, माझ्या पाळीचं वर्ष, आणि मला न विचारता तू तो गावी चुलत्यांच्या राजारामकडे बसवायला सांगून मोकळी झालीस. याला पार्सल करणंच म्हणतात. म्हटलं. झालं. आता पुढचं ऐक.

ताई, मी एक भन्नाट काम काढलंय!

सर्वेश बंगळूरला गेल्यापासून त्याचं कपाट आवरायचं म्हणत होते. गेल्या आठवड्यात आवरलं, तर खालच्या खणात त्याचा तो जांभळा हातातला व्हिडिओ गेम सापडला. त्याच्या दहावीच्या वर्षी आपण दोघींनी मिळून लपवून ठेवला होता तोच. सेल घातले, बटण सरकवलं, आणि चालू! सर्वेशला फोन केला तर म्हणतो, "आई, त्याच्यासाठी लोक अजून घरी बसून नवे गेम लिहितात. कंपनीने कधीच सोडून दिलं, लोकांनी नाही सोडलं." बास. सीप्झमध्ये इतकी वर्षं विमा कंपन्यांसाठी प्रोग्राम लिहिले मी, हप्ते आणि व्याज, हप्ते आणि व्याज. निवृत्त झाल्यावर भरतकाम करून पाहिलं, योगासनं करून पाहिली. ते ऐकलं आणि हात शिवशिवायला लागले.

आता कुठला गेम लिहायचा, हे मला एक क्षणही ठरवावं लागलं नाही. आपला! जोगेश्वरीच्या चाळीत, गॅलरीच्या लाद्यांवर, मे महिन्याच्या दुपारी. "नळ आला"! तू आठवीत आणि मी पाचवीत असताना आपण काढलेला. आपल्या खोलीच्या दारातून निघायचं, फोडलेले चिंचोके टाकायचे, पडेल तेवढ्या लाद्या चालायच्या, टोकाच्या नळावर कळशी भरायची आणि परत यायचं. चारही चिंचोके काळे पडले की शेजारची सुंदराबाई दारातून बाहेर येणार, ओरडणार, आणि आपलं अर्धं पाणी सांडणार. नळ जायच्या आत जिचं पिंप भरेल ती जिंकली. जगात हा खेळ आपण दोघीच खेळलो आहोत. आणखी कुणाला माहीतही नाही.

ऋतिकाने मला सांगितलं. दिवाळी झाली की तू मेलबर्नला लेकाकडे, सुशांतकडे जाणार, कायमची. सख्ख्या बहिणीला हे भाचीकडून कळावं! असो. तर माझं ठरलंय. तू विमानात बसायच्या आत हा गेम पुरा करायचा, आणि तुझ्याबरोबर एकदा खेळायचा. त्यानंतर तू मला ब्लॉक ठेव नाहीतर काहीही कर.

तुझी,
सुगंधा

नाहूर, १९ जुलै

ताई,

ऋतिका म्हणाली, पाकीट तू फोडलं नाहीस, टीव्हीच्या मागे उभं करून ठेवलंस. चालेल. फेकलं नाहीस ना!

आठवडाभर माझी वाट लागली होती, आणि मजा एवढी येत होती की आमचे हे म्हणाले, "सुगंधा, तू आंघोळ तरी कर." आधी कंपायलर बसवायचा. मी लिहिलेलं त्या मशीनच्या भाषेत करून देणारा तो. सीप्झमध्ये आमचा कंपायलर एसीच्या खोलीत बसायचा आणि आम्ही चपला बाहेर काढून आत जायचो. आता तो सर्वेशच्या जुन्या लॅपटॉपवर फुकटात उतरतो. पण त्याच्याबरोबर दहा लवाजमे. हे उतरवा, ते कुठे ठेवलंय ते त्याला सांगा, चित्रं बदलणारं वेगळं, आवाजाचं वेगळं, आणि एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारं खोटं मशीन, ज्याच्यावर गेम आधी तपासून बघायचा.

फोल्डरला मी कौतुकाने "नळ आला" असं इंग्रजी अक्षरांत नाव दिलं. कंपायलर म्हणतो, "नळ" नावाचं काही सापडत नाही. सापडेल कसं? मधली मोकळी जागा त्याला चालत नाही, तो पहिल्या शब्दाशीच थांबतो. दोन्ही शब्द जोडले तेव्हा गाडी पुढे गेली.

आणि मग माझं सगळ्यात मोठं शहाणपण. पहिला प्रोग्राम लिहिला, साधाच, स्क्रीनवर एक ठिपका उमटवायचा. कंपायलर म्हणे, पहिल्याच ओळीत चूक. मी ठिपक्याची जागा तपासली, रंग तपासला, कंस मोजले. कंपायलर काढून पुन्हा बसवला. दोनदा बसवला. सर्वेशला फोनवर वाचून दाखवलं, त्यालाही कळेना. शेवटी तो म्हणाला, "आई, फोटो काढून पाठव." फोटो बघितला आणि पाच मिनिटं नुसता हसतच होता. पहिल्या ओळीत मी काय लिहिलं होतं सांग? जे तुझ्या पहिल्या पत्राच्या डोक्यावर लिहिलं तेच. श्री! दोन्ही बाजूंना दोन-दोन दंड देऊन, झोकात!

आपल्याला तो दिसतच नाही गं. कोऱ्या कागदाचाच भाग वाटतो. सीप्झमध्येही कोडिंग शीटच्या डोक्यावर आम्ही सगळ्या श्री लिहायचो आणि ते मशीनमध्ये भरणाऱ्या पंचिंगच्या मुली न बोलता तो सोडून द्यायच्या. या मेल्याला कोण सांगणार? मग सर्वेशने सांगितलं, आधी दोन तिरप्या रेघा मार, त्याच्यापुढचं तो वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. मारल्या. श्री जागेवरच राहिला आणि प्रोग्राम चालला.

काळ्या स्क्रीनच्या मधोमध एक लाल ठिपका आला, ताई. एकच. मी अशी ओरडले की आमचे हे तोंडाला साबण लावलेले बाहेर आले. म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच म्हणजे काय! हा मी ठेवलाय तिथे!"

सुगंधा

नाहूर, ६ ऑगस्ट

ताई,

ती चालते! परकर-पोलक्यातली मुलगी, कमरेवर कळशी, दोन वेण्या. सोळा ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच एवढ्यातच सगळं बसवायचं, म्हणजे नाकाला एक ठिपका आणि वेणीला चार. भरतकामाचा आलेखाचा कागद कुठेतरी उपयोगी पडला म्हणायचा. चौकोनात रंग भरले आणि तसेच मशीनला दिले. उंच वेणीवाली तू. वाकड्या वेणीवाली मी. तू घालून दिलेल्या माझ्या वेण्या नेहमी वाकड्याच असायच्या, हे मी मुद्दाम चित्रात घेतलंय.

सुरुवातीला बटण सोडलं की ती पळायची आणि दाबलं की थांबायची. मी म्हटलं, हे काय उरफाटं काम? तर या मशीनचा तसाच स्वभाव आहे. बटण दाबलं की ते आतून शून्य म्हणतं आणि सोडलं की एक. एकदा हे ध्यानात आलं की भांडण मिटलं, उलटा प्रश्न विचारायचा आणि सुलट उत्तर घ्यायचं. मला ते मशीन तेव्हापासून फार आवडायला लागलंय. आपल्या घरात अशी माणसं सांभाळायची मला सवय आहे.

गॅलरीच्या लाद्या झाल्या, काळी-पांढरी, काळी-पांढरी. कठडा झाला. नळाखाली ती फुटकी लादी होती, तीही काढली. आणि सुंदराबाई! ताई, सुंदराबाई अशी जमलीय की तू बघून किंचाळशील. चारही चिंचोके काळे पडले की दार उघडतं, ती लाटणं घेऊन बाहेर येते, आणि तिचं तोंड उघड-मीट, उघड-मीट होतं. आवाज अजून घातलेला नाही. खऱ्या सुंदराबाईचा आवाज या एवढ्याशा स्पीकरमधून निघणार नाही. आमच्या ह्यांनी काल दुपारभर खेळून बघितलं आणि तिने त्यांचं पाणी सतत सांडलं. आता ते वैतागून म्हणतात, "ही बाई काढ गं." मी म्हटलं, आम्ही लहानपण तिच्याबरोबर काढलं, तुम्ही एक दुपार काढा.

ऋतिका परवा बोरिवलीहून आली होती. तिलाही दाखवलं. ती बराच वेळ उंच वेणीवालीला नुसती इकडून तिकडे चालवत बसली. मग म्हणाली, "मावशी, आईने तुझी दोन्ही पाकिटं फोडलीत. मला सांगितलं नाही, पण कडा कापलेल्या दिसल्या."

म्हणजे तू वाचतेस. कात्रीने कडा कापून वाचतेस, मुख्याध्यापिका शोभतेस! वाच. मला उत्तर नको, तू फक्त वाच.

सुगंधा

नाहूर, ११ ऑगस्ट

ताई,

वाट लागली. लॅपटॉपवरच्या खोट्या मशीनवर गेम नाचतोय, आणि कार्डावर भरून खऱ्या जांभळ्या मशीनमध्ये घातला की काळोख. ठार काळोख. कार्ड बदललं, सेल बदलले, फुंकर मारून पाहिली. काल जेवण केलं नाही. म्हणजे केलं, पण रागाने केलं. दिवाळी जवळ येतेय आणि मी काळ्या पडद्याकडे बघत बसलेय.

सु.

नाहूर, १२ ऑगस्ट

सापडलं, सापडलं, सापडलं!

खोटं मशीन चालू होताना आपली सगळी मेमरी पुसून लख्ख करून घेतं. खरं मशीन पुसत नाही. आधीचं काय काय आत पडलेलं असतं, तसंच घेऊन ते सुरू होतं. आणि मी एका ठिकाणी सुरुवातीला शून्य भरायला विसरले होते. भांडं विसळल्याशिवाय दूध ओतलं की कसं नासतं, तसं झालं होतं. शून्य भरलं, कार्ड घातलं, आणि माझ्या हातात, खऱ्या मशीनवर, जोगेश्वरीची गॅलरी उभी राहिली. ताई, मला रडू आलं. आमच्या ह्यांना वाटलं पुन्हा बिघडलं.

तुला ताबडतोब कळवावंसं वाटलं. दुसरं कुणालाच कळवावंसं वाटलं नाही.

सुगंधा

नाहूर, २८ ऑगस्ट

ताई,

काल चतुर्थी झाली. या वर्षीही घरात गणपती नाही. सगळ्या सोसायटीत आरत्या चालल्या होत्या आणि मी मखराची पेटी माळ्यावर ठेवूनच बसले. एकवीस मोदक केले खरे, पण ते आम्ही दोघांनी टीव्हीसमोर खाल्ले. राजारामने गावाहून फोटो पाठवला. मूर्ती छान होती. बाबा सांगायचे तसं जास्वंद उजव्या हाताला ठेवलंय, हे मी बघून घेतलं. या विषयावर एवढंच.

सणात मी रिकामं बसू नये म्हणून आधीच दुसरं मशीन आणून ठेवलं होतं. घाटकोपरच्या एका दुकानात जुनी मिळतात. याचा रंग पांढरा आहे, आणि एका कोपऱ्यावर कुठल्यातरी मुलाने सुरीने आपलं नाव कोरलंय. आणि दोन मशीनांना जोडणारी केबल. ताई, ही केबल म्हणजे आपल्या आईने बनवलेली वाटते! तिची दोन टोकं सारखी नाहीत. जांभळं टोक ज्या मशीनमध्ये घालाल ते थोरलं आणि करडं टोक ज्यात घालाल ते धाकटं. एकदा ठरलं की ठरलं. आणि पुढे ऐक. बोलणं सुरू करायचं ते थोरल्यानेच. धाकट्याने कितीही माहिती तयार करून ठेवली, तरी थोरल्याने सुरुवात केल्याशिवाय एक अक्षर तारेतून जात नाही. मशीन बनवणाऱ्यांनी आतच तसं करून ठेवलंय, मी काही करू शकत नाही. मी हे फक्त तुला माहिती म्हणून सांगतेय.

दोन मशीनं बोलायला लागली. माझ्या हातातली वाकडी वेणी चालली की आमच्या ह्यांच्या हातातल्या स्क्रीनवरही चालते. आम्ही दोघं सोफ्यावर उड्या मारत होतो. आणि मग ते झालं. तुझी उंच वेणीवाली कळशी भरून परत येत होती, माझी वाकड्या वेणीवाली रिकामी घेऊन जात होती, गॅलरीच्या मध्यावर दोघी एकाच लादीवर आल्या, आणि गेम गोठला. बटणं दाबून दाबून बोटं दुखली. ही तिच्या हलण्याची वाट बघतेय, ती हिच्या हलण्याची, आणि दोघी जागच्या जागी.

चूक प्रोग्रामची नाही. त्या जागी काय करायचं ते मी लिहिलेलंच नाही, कारण मला आठवतच नाही. ताई, दोघी समोरासमोर आल्या की काय करायचो आपण? गॅलरी एका लादीची, बाजूने जायला जागा नाही. चिंचोके पुन्हा टाकायचो? की भरलेल्या कळशीला वाट द्यायची? तेच शहाणपणाचं दिसतं, पण तसं नव्हतं. मला एवढं पक्कं आठवतं की मी कधीच मागे गेले नाही. भरली असो की रिकामी, मी पुढेच गेले. म्हणजे काहीतरी नियम होता, आणि तो मला सोयीचा होता.

बाकी सगळं झालंय. एवढी एक लादी अडलीय. नियम तू केले होतेस. नियम सांग.

सुगंधा

नाहूर, २२ सप्टेंबर

ताई,

तू सांगत नाहीस. ऋतिका म्हणते, तुझ्या दोन बॅगा भरून दारात उभ्या आहेत आणि खोलीत पाहुणी असल्यासारखी वावरतेस. तू जाणार, म्हणजे खरंच जाणार. इतके दिवस मी हे एका कानाने ऐकत होते. काल संध्याकाळी भाजी निवडता निवडता ते एकदम खरं वाटलं, आणि मी देठं पातेल्यात आणि पानं केरात टाकली. तुझं दहिसर आणि माझं नाहूर लांब नाहीत. रागावून न जाणं परवडतं. मेलबर्नला रागावून न जाता यायला आधी जाता यायला पाहिजे.

भरल्या कळशीला वाट, असा नियम लिहून बघितला. आम्ही खेळलो. चालतो, पण तो आपला खेळ वाटत नाही. कुणी दुसऱ्यांचाच वाटतो. चिंचोके पुन्हा टाकून बघितले, त्यात निम्म्या वेळी मीच मागे गेले आणि हातातलं मशीन मला परकं वाटायला लागलं.

मग मी बसून विचार केला. मी कधीच मागे जात नव्हते, तर नियम एकच असू शकतो. "धाकटीला आधी." तूच केला असणार, शिक्षिकेची लक्षणं तेव्हापासूनच होती. सुंदराबाईसुद्धा आपल्या आईला तेच सांगायची, धाकटीला आधी द्या. तेव्हा तो नियम मी आता पक्का करतेय. सुरुवातीच्या पडद्यावर अक्षरांत लिहितेय, "नियम उत्तराताईने केले आहेत." तुझी हरकत असेल तर कळव. नसेल तर हाच नियम जगात राहणार, कारण मी हा गेम सर्वेशच्या सांगण्यावरून सगळ्यांना फुकट उतरवता येईल असा नेटवर ठेवणार आहे.

सुगंधा

नाहूर, ९ ऑक्टोबर

ताई,

तू फोन आपटलास, म्हणून उरलेलं लिहून सांगतेय. मला बोलूच दिलं नाहीस.

मी नाहूरच्या बाजारात मुळ्याची जुडी हातात घेऊन उभी होते. फोनवर तुझं नाव दिसलं आणि मी जुडी भाजीवाल्याच्या तराजूतच टाकली. मी हॅलो म्हणायच्या आत तुझा तो वर्गातला आवाज, "काय गं, माझ्या नावावर काहीही खपवतेस? धाकटीला आधी असा नियम मी कधी केला?" मी म्हटलं, "मग कुठला होता?" आणि तू मालवणीत गेलीस. तू मालवणीत गेलीस की एक तर खूप रागावलेली असतेस, नाहीतर दुसरं काहीतरी.

"नियम खंयचो गे? नियम नव्हतोच. तू रडत होतंस म्हणान मी मागे जात होतंय."

आणि फोन बंद.

मी तिथेच उभी. भाजीवाला विचारतोय, "मावशी, मुळा द्यायचा का?" ताई, मी मान हलवली की नाही तेही मला आठवत नाही. घरी आले आणि लॅपटॉप उघडून बसले.

मला वाटत होतं मी जिंकायचे. खरंच वाटत होतं. नियमाने, हक्काने. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलेय की माझी थोरली बहीण हुशार, पण "नळ आला"त मला कधी हरवू शकली नाही. तू भरलेली कळशी घेऊन उलट्या पावलांनी नळापर्यंत मागे जायचीस, आणि मी ताठ मानेने पुढे. ते मला अजून दिसतंय. आणि तू एकदाही बोलली नाहीस. आईला सांगितलं नाहीस, भांडणात उकरून काढलं नाहीस, गेल्या वर्षी मी ग्रुपवर वाट्टेल ते लिहिलं तेव्हासुद्धा नाही. मला तुझा इतका राग आला आणि तू इतकी आवडलीस की मुळा तसाच टेबलावर सुकला.

नियम लिहिलाय. एका ओळीचा आहे. समोरासमोर आल्या की धाकटी मागे, थेट खोलीच्या दारापर्यंत. आमच्या ह्यांनी विचारलं, "आता तुला कसं वाटतंय खेळताना?" मी म्हटलं, "अजून खेळले नाही. पहिल्यांदा ताईबरोबर."

रविवारी दहिसरला येतेय, सकाळी. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन, आणि तुझ्या मजल्यावरच्या सगळ्यांना ओळख करून देईन की मी कोण.

सुगंधा

नाहूर, १३ ऑक्टोबर

ताई,

कालच भेटलो, आता तू मला अनब्लॉक केलंस, फोन करता येतो, तरी पत्रच लिहितेय. सवय लागली. हे तू मेलबर्नला ने.

दार उघडून तू पहिलं वाक्य बोललीस ते "चपला बाहेर काढ." मी म्हटलं, बरं. तू म्हणालीस, "बारीक झालीस." मी म्हटलं, "तू नाही." मग पाच मिनिटं आपण दोघी चहाबद्दल बोललो, साखर किती, दूध कुठलं. गणपतीचं तू काही काढलं नाहीस, मीही नाही. तो राजारामकडे सुखात आहे.

या जुन्या मशीनच्या स्क्रीनला स्वतःचा उजेड नसतो, म्हणून तुझ्या बाल्कनीत बसावं लागलं. आणि ती केबल एवढीशी, की खुर्च्या लांब ठेवल्या तर निघून येते. म्हणून तुझ्या त्या बाकड्यावर चिकटून बसलो. जांभळं टोक तुझ्या हातात दिलं. तू चष्मा नाकावर ओढलास आणि उंच वेणीवालीला बघून म्हणालीस, "माझं नाक असं होतं?" मी म्हटलं, "एकच ठिपका परवडला." सुंदराबाई दारातून बाहेर आली तेव्हा तू खरंच किंचाळलीस. शेजारच्या बाल्कनीतले काका वाकून बघायला लागले.

मग आपण मध्यावर समोरासमोर आलो. एका लादीवर दोघी, आणि माझी वाकडी वेणी आपोआप वळली आणि टुकूटुकू दारापर्यंत मागे गेली. तुझी उंच वेणी तिथेच उभी. तू बटण दाबलं नाहीस. मग विचारलंस, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "नियम आहे. धाकटी मागे." तू पदर डोळ्याला लावलास आणि मी नळाच्या चित्राकडे बघत राहिले, कारण तुझ्याकडे बघितलं असतं तर मलाही पदर लागला असता.

आणि मग, ताई, तू काय केलंस! मला वाटलं तू आता कळशी भरशील, सुखाने जिंकशील. तू नळाकडे गेलीच नाहीस. खोलीच्या दारासमोरच्या लादीवर येऊन उभी राहिलीस. मी बाहेर पडले की माझ्या अंगावर. मी मागे. पुन्हा बाहेर पडले, पुन्हा अंगावर. पुन्हा मागे. मी ओरडले, "ताई, पाणी भर! नळ जाईल!" आणि तू, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, मांडीवर मशीन आपटत हसत होतीस. "वसूल करतंय गे! सगळा वसूल करतंय!" मी दारातून एक पाऊल टाकलं की तू, दुसरं टाकलं की तू. माझी वेणी दारात नुसती वळत होती. हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या, तुझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तू चहाच्या कपावर कोपर मारून तो लवंडवलास.

नळ गेला. स्क्रीनवर दोन्ही पिंपं कोरडी ठणठणीत. कुणीच जिंकलं नाही. असं होऊ शकतं हे मी प्रोग्राम लिहिताना गृहीतच धरलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय दाखवायचं ते मशीनला कळेना आणि ते नुसतं आपल्या दोघींकडे बघत राहिलं. मी म्हटलं, "थांब, हे मी घरी जाऊन दुरुस्त करते."

तू पदराने चष्मा पुसलास, पुन्हा नाकावर चढवलास, आणि म्हणालीस, "घरी कशाला? परत लाव."

तुझी धाकटी,
सुगंधा